‘कंट्रोल-एल दाबा, जाईल’ : एका टेक्स्ट एडिटरच्या स्क्रीन-टेस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत, चालणारा एक टेक्स्ट एडिटर. सी भाषेत लिहिलेला, बरीच वर्षं वापरात असलेला, आणि सांभाळणारे आम्ही चौघं. एडिटरचं नाव मुद्दाम देत नाही. जे घडलं ते अशा कुठल्याही एडिटरमध्ये घडू शकतं.

आमच्याकडे टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, नव्हत्या असं नाही. मजकूर घालणं, खोडणं, अनडू, शोध, फाइल वाचणं-लिहिणं या सगळ्याला टेस्ट होत्या आणि त्या रोज चालायच्या. पण मजकूर स्क्रीनवर जिथून उमटतो त्या कोडला एकही टेस्ट नव्हती. ‘स्क्रीन काय, डोळ्यांनीच बघावी लागते’ असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो की त्यावर कधी वादही झाला नाही.

हा स्क्रीनचा भाग वाटतो त्यापेक्षा अवघड असतो. एडिटर प्रत्येक कळीगणिक सगळी स्क्रीन नव्याने काढत नाही. ही सवय जुन्या काळातली आहे. १२०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला १२०० बिटच्या, लाइनवरून, सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं जातात. ८० स्तंभ आणि २४ ओळींची स्क्रीन म्हणजे १९२० घरं, अक्षरांच्या जागा. ती पूर्ण भरायला १६ सेकंद लागायचे. म्हणून एडिटर दोन प्रती बाळगतो: स्क्रीनवर आत्ता काय आहे आणि काय असायला हवं. दोन्ही ताडून फक्त फरक टर्मिनलकडे पाठवतो. लाइनी आज वेगवान झाल्या, तरी दूरच्या सर्व्हरवर काम करताना स्क्रीन लुकलुकू नये म्हणून ही पद्धत टिकून आहे.

यातली पहिली प्रत ही एडिटरची समजूत असते. टर्मिनल त्याला ‘माझ्या स्क्रीनवर आत्ता हे आहे’ असं कधी सांगत नाही. समजूत आणि वस्तुस्थिती यांत एका घराचाही फरक पडला, तर पुढचं प्रत्येक ताडणं त्या चुकीवरच उभं राहतं.

अडचण

पहिली तक्रार साधी होती. चिनी-जपानी मजकुराची फाइल वर सरकवली की उजव्या कडेला आधीच्या ओळीतलं एक अक्षर तसंच उरतं. खिडकीच्या काही रुंदींनाच होतं. कंट्रोल-एल दाबून पूर्ण रीड्रॉ केला, म्हणजे स्क्रीन मुळापासून नव्याने काढली, की जातं.

आम्ही उत्तर दिलं: कंट्रोल-एल दाबा, जाईल. हे उत्तर आम्ही त्याआधीही अनेकांना दिलं होतं. त्या उत्तरातच रोगाचं निदान होतं हे तेव्हा लक्षात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पूर्ण रीड्रॉने जी चूक जाते, ती मजकुरात नसते आणि टर्मिनलमध्येही नसते. ती एडिटरच्या समजुतीत असते. पुढे आम्हाला जी सर्वांत उपयोगी टेस्ट सापडली, ती याच एका निरीक्षणातून आली.

आमच्यातल्या एकाने ती चूक दुरुस्त केली. काही दिवसांनी दुसरी तक्रार आली: खिडकी दुभागली की स्टेटस-लाइनचा (खिडकीच्या तळाच्या माहितीच्या ओळीचा) तुकडा मधेच राहतो. ती दुरुस्त केली तर पहिली पुन्हा उगवली. दोन्ही दुरुस्त्या एकाच फाइलीत, एकाच फंक्शनमध्ये, एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढणाऱ्या होत्या. त्या फाइलीला हात लावायला कोणी धजेना. एका सहकाऱ्याने एक चांगली सुधारणा केवळ ‘स्क्रीनचं काय होईल सांगता येत नाही’ म्हणून मागे घेतली, तेव्हा आम्ही नवं काम थांबवून टेस्टचा प्रश्न आधी सोडवायचं ठरवलं.

समोरचे पर्याय

हाताने तपासायची यादी करून प्रत्येक आवृत्तीआधी चौघांनी ती पार पाडायची, हा पहिला पर्याय. तो एकदा करूनही पाहिला. तिसऱ्या पानानंतर डोळे स्क्रीनवर असतात पण बघत नाहीत, हा अनुभव चौघांचाही सारखाच होता.

स्क्रीनचा फोटो घेऊन पिक्सेल ताडायचे, हा दुसरा. तो लवकर सोडला. फॉन्ट बदलला, अक्षरांच्या कडा मऊ करण्याची पद्धत यंत्रागणिक बदलली, कर्सर लुकलुकण्याच्या नेमक्या कुठल्या क्षणी फोटो निघाला, यातल्या कशानेही टेस्ट पडते आणि एडिटरचा त्यात काही दोष नसतो.

एडिटर टर्मिनलकडे जे बाइट पाठवतो ते पकडून साठवायचे आणि पुढच्या वेळी तेच निघतात का बघायचं, हा तिसरा. चौथा पर्याय, स्मृतीतच एक टर्मिनल एम्युलेटर (टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम) उभा करायचा, एडिटरचे बाइट त्याला खाऊ घालायचे आणि शेवटी त्याच्या घरांच्या जाळीत काय उमटलं ते वाचायचं.

चौथा पर्याय आम्ही शोधून काढला नव्हता. व्हिम या प्रसिद्ध एडिटरच्या ८.१ आवृत्तीत, २०१८ साली, एडिटरच्या आतच टर्मिनल चालवण्याची सोय आली. तिच्या आधाराने व्हिमच्या टेस्ट त्या टर्मिनलमध्ये दुसरा व्हिम चालवतात, स्क्रीनचा डंप, म्हणजे जशीच्या तशी नोंद, घेतात आणि आधी साठवलेल्या डंपशी ताडतात. व्हिममधूनच निघालेल्या निओव्हिमची वाट थोडी वेगळी आहे: तिथे टेस्ट एडिटरच्या यूआय प्रोटोकॉलमधूनच (एडिटर बाहेरच्या प्रोग्रामला स्क्रीन कळवतो त्या पद्धतीतूनच) जाळी मिळवते आणि अपेक्षित स्क्रीन टेस्टच्या मजकुरातच लिहिलेली असते. वाचायला ही पद्धत फार सुखाची. पण टर्मिनलला जाणारे एस्केप क्रम (कर्सर हलवा, पुसा अशा आज्ञांचे बाइट) त्यात तपासले जात नाहीत, आणि आमचं दुखणं तर नेमकं तिथेच होतं.

तरीही आम्ही आधी तिसरा पर्याय घेतला. तो एका दिवसात उभा राहत होता आणि चौथ्याला काही आठवडे लागणार असं दिसत होतं.

पहिला निर्णय, आणि तो का फिरवला

बाइट ताडणाऱ्या टेस्ट पहिल्या दिवशी सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. मग एकाने ओळीचा उरलेला भाग पुसायला स्पेस छापण्याऐवजी ‘ओळीच्या शेवटापर्यंत पुसा’ हा एस्केप क्रम वापरला. स्क्रीन तंतोतंत तीच, बाइट कमी, काम उत्तम. आणि जवळजवळ प्रत्येक टेस्ट लाल.

त्याने साठवलेल्या फाइली नव्याने लिहून टाकल्या. दुसरं काय करणार? एस्केप क्रमांची ती शेकडो ओळींची रांग वाचून ‘हे बरोबर आहे’ असं म्हणणं माणसाला शक्य नाही. पुढच्या बदलालाही तेच झालं. तिसऱ्या वेळी त्या नव्याने लिहिलेल्या फाइलींत एक खरी चूक अपेक्षित निकाल म्हणून शिरली आणि टेस्ट हिरव्याच राहिल्या.

आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. एडिटरने कोणते बाइट पाठवले याच्याशी वापरणाऱ्याचं देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर शेवटी काय दिसतं तेवढंच महत्त्वाचं. एकच स्क्रीन काढायचे अगणित मार्ग असतात, आणि त्यातला स्वस्त मार्ग शोधणं हेच तर या कोडचं काम. टेस्टने मार्गच पक्का करून टाकला, तर ती त्या कामाच्या आड येते.

कृती : जाळी वाचणारी टेस्ट

मग चौथा पर्याय नीट घेतला. टेस्ट एक स्यूडो-टर्मिनल (प्रोग्रामला खऱ्या टर्मिनलसारखं भासणारी सोय) उघडते, त्याची रुंदी-उंची ठरवते, त्यात एडिटर सुरू करते, कळा पाठवते आणि येणारे बाइट एम्युलेटर लायब्ररीला देते. शेवटी जाळीतलं प्रत्येक घर, त्याचा रंग आणि कर्सरची जागा साध्या मजकुराच्या फाइलीत उतरते.

एम्युलेटरवर तरी विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न रास्त होता. त्याची वागणूक आम्ही व्हीटीटेस्ट या जुन्या तपासणी-प्रोग्रामने पाहून घेतली. शेवटच्या स्तंभाची गोष्ट तर आवर्जून पाहिली. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलपासून चालत आलेली रीत अशी की ८० व्या स्तंभात अक्षर छापल्यावर कर्सर लगेच खालच्या ओळीवर जात नाही. तो तिथेच थांबतो आणि पुढचं अक्षर आल्यावरच उडी घेतो. टर्मइन्फो या टर्मिनलांच्या माहितीच्या संग्रहात या वागण्याला एक्सईएनएल असं नाव आहे. हे पाहताना एडिटरमधलीच एक चूक सापडली. शेवटच्या स्तंभात लिहिल्यावर आमची समजूत कर्सरला खालच्या ओळीत नेऊन ठेवत होती. एरवी पुढच्याच क्षणी कर्सर मुद्दाम दुसरीकडे हलवला जायचा, म्हणून ती कुणाला दिसली नव्हती.

वाट किती बघायची

कळ पाठवल्यावर एडिटरचं काढून झालं हे टेस्टला कसं कळणार? सुरुवातीला आम्ही ५० मिलिसेकंद थांबत होतो. आमच्या यंत्रांवर टेस्ट पास व्हायच्या आणि सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रावर) अधूनमधून पडायच्या. थांबा वाढवून अर्धा सेकंद केला; टेस्ट संपता संपेनात आणि तरी कधीतरी पडतच राहिल्या.

अपेक्षित स्क्रीन दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहायचं, हाही मार्ग वापरून पाहिला. त्यात एक खोट आहे, ती सहज ध्यानात येत नाही. स्क्रीन क्षणभर बरोबर दिसली आणि लगेच दुसऱ्या रीड्रॉने बिघडली, तरी टेस्ट पास होते. आमची स्टेटस-लाइनची चूक अगदी याच जातीची होती.

शेवटी एडिटरमध्येच छोटी सोय केली. टेस्टच्या अवस्थेत, यायच्या कळा संपल्या आणि काढलेलं सगळं बाहेर गेलं, की एडिटर एक खास एस्केप क्रम पाठवतो. टेस्ट त्या खुणेची वाट बघते. एका सहकाऱ्याचा याला विरोध होता: टेस्टसाठी मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही. तत्त्व चांगलं आहे, पण ‘माझं झालं’ हे एडिटरखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

एस्केप कळीने मात्र तरीही त्रास दिला. टर्मिनलमध्ये बाणांच्या कळा एस्केपनेच सुरू होतात, आणि एस्केप व लागोपाठ एक अक्षर म्हणजे ऑल्टसह ते अक्षर असाही अर्थ होतो. म्हणून नुसता एस्केप ओळखायला एडिटर थोडा वेळ थांबतो. टेस्ट माणसापेक्षा फार वेगाने कळा पाठवत असल्याने एस्केप आणि पुढचं अक्षर एकमेकांना चिकटायचं. एस्केपनंतर खुणेची वाट बघितल्याशिवाय पुढची कळ पाठवायची नाही, असा नियम केला तेव्हा तो प्रश्न सुटला.

अपेक्षित स्क्रीन न लिहिता टेस्ट

आतापर्यंतच्या टेस्टमध्ये एक मर्यादा होती: जे आम्हाला सुचलं तेवढंच त्या तपासत होत्या. आणि मूळ तक्रार तर आम्हाला सुचलीच नसती.

इथे ते जुनं उत्तर आठवलं. कंट्रोल-एलने स्क्रीन बदलली, तर आधीची स्क्रीन चुकीची होती. बरोबर स्क्रीन कोणती हे सांगायची गरजच नाही. काहीही करा, स्क्रीनची जाळी टिपा. पूर्ण रीड्रॉ करून पुन्हा टिपा. दोन्ही सारख्या नसतील तर चूक आहे. मग कळा तरी आपण कशाला निवडायच्या? यादृच्छिक कळांच्या रांगा तयार केल्या, प्रत्येक रांगेचा सीड (ज्या आकड्यापासून ती तयार होते तो) नोंदवून ठेवला म्हणजे तीच रांग पुन्हा चालवता येईल, आणि खिडकी मुद्दाम इवलीशी घेतली. चुका कडांवर राहतात. पाच स्तंभ आणि तीन ओळींच्या खिडकीत जवळजवळ सगळ्याच कडा असतात.

पहिल्याच रात्री लाल निकालांचा ढीग पडला. प्रत्येक रांगेतल्या कळा एकेक वगळत, चूक टिकते का बघत, रांग छोटी करणारा प्रोग्राम लिहिला. मूळ तक्रार त्यात चार कळांवर आली. दोन घरांचं अक्षर (चिनी-जपानी अक्षरं अशीच असतात) शेवटच्या एकट्या घरात मावत नाही, म्हणून एडिटर ते घर रिकामं ठेवून अक्षर पुढच्या ओळीत नेतो. स्क्रोल करताना आतली प्रत वर सरकायची आणि त्या रिकाम्या घरावर ‘दोन-घरी अक्षराचा उत्तरार्ध’ ही जुनी खूण तशीच राहायची. ताडणारं कोड उत्तरार्ध सोडून देतं, कारण पूर्वार्धाबरोबर तो आपोआप उमटतो. त्यामुळे तिथलं जुनं अक्षर कधीच पुसलं जायचं नाही. खिडकीच्या काही रुंदींनाच चूक दिसायची, तीही यामुळेच.

तपासणीच रोग बरा करत होती

काही दिवसांनी निकाल हिरवे झाले आणि आम्ही खूश होतो. तेवढ्यात स्टेटस-लाइनची तक्रार पुन्हा आली.

आम्ही प्रत्येक कळीनंतर पूर्ण रीड्रॉ करून तपासत होतो. पण पूर्ण रीड्रॉ म्हणजेच औषध. प्रत्येक पावलावर समजूत नव्याने खरी होत होती, त्यामुळे जी चूक घडायला तीन-चार पावलांची साठलेली विसंगती लागते, ती आमच्या टेस्टमध्ये घडूच शकत नव्हती. पेशंटला तपासण्याआधी दर वेळी औषध देऊन टाकायचं आणि मग ताप नाही म्हणून नोंद करायची, असं चाललं होतं.

उपाय दोन होते: तपासणी फक्त रांगेच्या शेवटी करायची, किंवा मूळ स्क्रीनला धक्का न लावता पूर्ण रीड्रॉ वेगळीकडे करायचा. पहिला सोपा होता, पण त्यात चूक कुठल्या पावलावर शिरली हे कळत नाही. दुसरा घेतला. टेस्टच्या अवस्थेत एडिटर, ‘स्क्रीन कोरी आहे’ असं धरून, हीच अवस्था दुसऱ्या एम्युलेटरकडे काढतो. पहिल्याची प्रत तशीच राहते. स्टेटस-लाइनची चूक त्याच दिवशी सापडली.

या सबंध प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा बदल. मोजायची सोय करताना मोजण्याची वस्तू बदलली जात नाही ना, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दोघंही एकच चूक करत असतील तर

फरकाचा रीड्रॉ आणि पूर्ण रीड्रॉ दोन्ही एकाच प्रकारे चुकत असतील, तर वरची तपासणी आंधळी असते. हे आम्हाला देवनागरीने दाखवलं.

अक्षर किती घरं घेतं याच्या तक्त्यावर सगळं अवलंबून असतं. अक्षराची रुंदी सांगणाऱ्या, मार्कुस कून यांच्या प्रसिद्ध डब्ल्यूसीविड्थ फंक्शनमध्ये हलन्ताला आणि उकाराला शून्य घरं आहेत, पण काना आणि वेलांट्यांना एक. म्हणजे ‘कु’ एका घरात आणि ‘कि’ दोन घरांत. ‘क्षि’ला तीन घरं होतात, आणि वाचणाऱ्याला ते एकच अक्षर असतं. युनिकोडलाही ते एक मानायला २०२३ ची १५.१ आवृत्ती उजाडावी लागली. आधीच्या नियमांनी जोडाक्षर हलन्तापाशी तुटत होतं. टर्मिनलांमध्ये याबाबत एकमत नाही.

आमच्या टेस्ट हिरव्या होत्या, कारण एम्युलेटर लायब्ररी बांधताना आम्ही तिला एडिटरचाच तक्ता दिला होता. नसते वाद नकोत म्हणून. दोघंही एकाच सुरात चूक सांगत होते, आणि प्रत्यक्ष टर्मिनलमध्ये कर्सर अक्षराच्या दोन घरं पुढे उभा राहत होता.

सर्व टर्मिनलांना मान्य होईल असा तक्ता अस्तित्वातच नाही. म्हणून चूक टाळण्याऐवजी ती पसरू द्यायची नाही असं ठरवलं. वादग्रस्त रुंदीच्या अक्षरसमूहानंतर एडिटर कर्सर कुठे आहे हे गृहीत धरत नाही. पुढच्या मजकुराआधी ओळ आणि स्तंभ सांगून कर्सर तिथे ठेवतो. आणि टेस्टसाठी मुद्दाम न जुळणारा एम्युलेटर केला: एकदा सगळ्या वेलांट्या शून्य घरांच्या मानणारा, एकदा प्रत्येक समूह दोन घरांचा मानणारा. तरीही ओळीतला पुढचा शब्द ठरलेल्या स्तंभातच सुरू झाला पाहिजे. शून्यवाल्याने लगेच दाखवलं की अक्षर अपेक्षेपेक्षा अरुंद निघालं तर मधे फट राहते आणि फटीत जुनं अक्षर दिसतं. तेव्हापासून अशी ओळ आधी पुसून मग काढली जाते.

निष्पत्ती

दोन्ही मूळ तक्रारी मिटल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. मागे घेतलेली ती सुधारणा परत आली आणि स्वीकारली गेली. यादृच्छिक टेस्टने सापडलेल्या काही चुका तर आम्ही चौघं या कामात येण्याआधीपासूनच्या होत्या.

साठवलेल्या स्क्रीन-फाइलींचा जाच मात्र पूर्ण गेला नाही. स्टेटस-लाइनचा रंग बदलला की जवळजवळ सगळ्या फाइली बदलायच्या, आणि इतक्या फाइली कोणी डोळ्यांखालून घालत नाही. मग प्रत्येक टेस्टने आपल्यापुरत्या ओळीच टिपायच्या आणि रंग फक्त रंगांच्या टेस्टमध्येच बघायचे, असं केलं. ‘सगळं स्वीकारा’ ही आज्ञा काढून टाकली. आता एकेक फाइल जुनी, नवी आणि फरक अशी शेजारी-शेजारी बघूनच स्वीकारता येते.

आज काय वेगळं केलं असतं

बाइट ताडण्यात गेलेले आठवडे वाचवता आले असते असं मी म्हणत असे. आता तितक्या ठामपणे म्हणत नाही. बाइटच्या टेस्टला एक जागा आहे, फक्त ती छोटी आहे: एका कळीला एडिटर पूर्ण स्क्रीन तर पाठवत नाही ना, हे बाइटच सांगू शकतात, जाळी सांगू शकत नाही. त्यासाठी संख्येची वरची मर्यादा पुरते. नेमके बाइट साठवावे लागत नाहीत. हे आम्ही फार उशिरा केलं, आणि मधल्या काळात एका दुरुस्तीने प्रत्येक कळीला सगळी स्क्रीन नव्याने काढायला सुरुवात केली तेव्हा सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. फरकाचा आणि पूर्ण रीड्रॉ सारखाच असल्यावर वेगळा निकाल येणार कुठून?

क्रमही उलटा ठेवला असता. आधी दोन रीड्रॉ ताडणारी टेस्ट, कारण तिला अपेक्षित फाइल लागत नाही आणि ती जुन्या कोडवरही लगेच चालते. मग न जुळणारा एम्युलेटर. आणि हाताने तपासलेल्या स्क्रीन-फाइली सर्वांत शेवटी, अगदी मोजक्या.

आता एडिटरला खिडकीतली, कमी-जास्त रुंदीच्या फॉन्टची आवृत्ती जोडायचं काम सुरू आहे. तिथे घरंच नाहीत. जाळी वाचणारं सगळं निरुपयोगी ठरणार आहे. कोऱ्या स्क्रीनवरून काढलेलं आणि फरकाने काढलेलं सारखं आहे का, हा प्रश्न मात्र तिथेही विचारता येतो, आणि पहिली टेस्ट तीच लिहिली आहे. ती सध्या लाल आहे.